सेनापतींचं भाषण आणि पितळेची खोली

निरोपाचं भाषण कसं करावं हे उभ्या जगात फक्त दोन माणसांना कळलेलं आहे, असं किल्लेदारांचं ठाम मत होतं. एक, नुकतेच निवृत्त झालेले सेनापती आणि दुसरे, स्वतः किल्लेदार. सेनापतींचं करून झालं होतं. किल्लेदारांचं शनिवारी होतं!

किल्लेदार हे काही त्यांचं आडनाव नव्हे. पाणीपुरवठा खात्याचं भांडार ते सांभाळत. नळ, पाइप, मीटर, व्हॉल्व्ह, वॉशर, जे जे म्हणून पाण्याला आडवं येतं ते सगळं त्यांच्या ताब्यात. कमरेला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा! ते चालू लागले की बैलगाडी आल्यासारखं वाटे. त्यावरून खात्यातल्या कुणीतरी चेष्टेनं 'किल्लेदार' म्हटलं आणि यांनी ते मानानं घेतलं. चेष्टा आणि मान यांतला फरक कळत नसला की माणूस सुखी राहतो.

त्या जुडग्यातल्या एकाही किल्लीवर चिठ्ठी नव्हती, खूण नव्हती. कुठली कशाची, हे एकट्या किल्लेदारांना ठाऊक. त्यांच्या हाताखालचे दुय्यम भांडारपाल सहा महिने त्यांच्या मागे लागले होते.

"साहेब, एकदा किल्ल्यांची ओळख करून द्या ना. तुम्ही गेल्यावर आम्ही काय करायचं?"

"वेळ आली की देऊ."

ती वेळ येणार नव्हती, कारण किल्लेदारांनी बेत पक्का केला होता. शनिवारी निरोप. रविवारी सुट्टी. सोमवारी सकाळी कुठंतरी पाइप फुटणार, व्हॉल्व्ह हवा असणार, कुलूप उघडणार नाही. दुय्यम धापा टाकत घरी येणार. मागोमाग मोठ्या साहेबांची गाडी दारात उभी राहणार. साहेब म्हणणार, "तुमच्यावाचून पान हलत नाही हो!" मग किल्लेदार सेनापतींसारखा एक मोठा विराम घेणार आणि एकच शब्द बोलणार, "येतो."

बस्स! त्या एका 'येतो'साठी त्यांचा जीव टांगणीला लागला होता. निवृत्तीची भीती नव्हती, पेन्शनची चिंता नव्हती. आपल्यावाचून कुणाचं अडणार नाही, या विचारानं मात्र त्यांना घाम फुटे. पण सोमवारी गाडी दारात यायची, तर शनिवारी सभागृह रडायला हवं. आणि सभागृह रडवायचं तर सेनापतींच्या भाषणाला पर्याय नव्हता.

त्या भाषणानं तर देशभर धुमाकूळ घातला होता! न्हाव्याच्या आरशावर सेनापती, पोरांच्या दप्तरांवर सेनापती. "सैनिक जातो, पहारा राहतो!" हे त्यांचं शेवटचं वाक्य तर घरोघरी कुकरच्या शिट्टीइतकं ऐकू येत होतं. टीव्हीवर रोज चार चौकटींत चार तज्ज्ञ बसून त्या भाषणाचा कीस काढत. पहिल्याच्या मते, दुसऱ्या विरामात शेजारच्या राष्ट्राला दम होता. दुसऱ्याच्या मते, तो दम सरकारला होता. तिसरा म्हणाला, ही निवडणुकीची तयारी आहे, पाणी पिण्याची पद्धत बघा! चौथ्याचा आवाज येत नव्हता, त्यामुळे तो एकटा शहाणा वाटत होता.

"सगळे मूर्ख!" किल्लेदार सोफ्यावरून गरजत. "ह्यांना नुसते शब्द दिसतात. मला सांधे दिसतात! जन्म पाइपांत गेलाय माझा."

मग ते रेकॉर्डिंग लावत. पुढचा भाग भर्रकन पळवत आणि शेवटाला आणून थांबवत. सेनापती शांतपणे उभे. विराम. एक घोट पाणी. विराम. दुसरा घोट. विराम. तिसरा घोट. मग ते वाक्य. मग हातातली छडी टेबलावर. मग गर्रकन वळून, मागच्या दारानं, एकदाही मागे न बघता बाहेर! आणि सगळं सभागृह उभं.

"पाहिलंस?" ते बायकोला विचारत. "विराम म्हणजे व्हॉल्व्ह! बंद करायचा, मागे दाब वाढू द्यायचा, मग एकदम सोडायचा. आणि सगळ्यात मोठी कला कुठली? मागे वळून न पाहणं!"

"अहो, पण त्याच्या आधीचं?" बायको इस्त्री करता करता म्हणाली. "तेही ऐका की कधीतरी. त्या दिवशी तुम्ही घरी यायच्या आधी सगळं लागलं होतं. मी ऐकलं. चांगलं होतं."

"आधी काय आहे? ह्याचे आभार, त्याचे आभार, हे ह्याला सोपवलं, ते त्याला सोपवलं. रटाळ! गाभा शेवटाला असतो. तुला भाषणातलं काय कळतंय!"

बायकोनं शर्टाची कॉलर जरा जास्तच दाबून इस्त्री केली.

तालीम घरीच झाली. छडीच्या जागी आमटीचा डाव. सभागृहाच्या जागी बायको.

"मी डाव खाली ठेवला की तू उभी राहा."

"का?"

"सभागृह उभं राहतं!"

"सभागृहाचं दूध उतू चाललंय," असं म्हणून सभागृह आत निघून गेलं. किल्लेदार डाव ठेवून, गर्रकन वळून, मागे न बघता बाल्कनीत गेले आणि तिथं वाळत घातलेल्या ओल्या चादरीत अडकले. तरीही त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. याला म्हणतात निष्ठा!

प्रत्यक्ष समारंभ भांडारातच होता, मधल्या मोठ्या गोदामात. डाव ठेवून भागणार नव्हतं. तिथं काय ठेवायचं हे किल्लेदारांनी केव्हाच ठरवलं होतं. कमरेचा जुडगा! राहता राहिला बाहेर पडण्याचा रस्ता. पुढच्या दारानं जावं तर वाटेत हात धुण्याचा नळ आणि ताटांची चवड. सेनापती कधी ताटांच्या चवडीजवळून गेले होते? तेव्हा मागचं दार. मागच्या दारातून पितळेच्या खोलीत, तिथून पलीकडच्या दारानं अंगणात. अंगणात टॅक्सी उभी.

पितळेची खोली म्हणजे किल्लेदारांच्या बुद्धीचा कळस. पितळी नळांवर चोरांचा डोळा, म्हणून त्यांनी स्वतः सुचवून ती बांधून घेतली होती. दोन्ही बाजूंना लोखंडी दारं. स्प्रिंगनं आपोआप मिटणारी, मिटली की आपोआप कुलूप लागणारी आणि आतून असो की बाहेरून, किल्लीशिवाय न उघडणारी! गोदामाकडच्या दाराला वरच्या अंगाला जाळी, तीही इतकी बारीक की करंगळी जाणार नाही. "आत शिरलेला चोर बाहेर पडता कामा नये," असं त्यांनी प्रस्तावात लिहिलं होतं. खात्यानं त्यांचं कौतुकही केलं होतं.

शनिवारी सकाळी बायकोनं विचारलं, "आज तिथं जेवण आहे ना? मग डबा कशाला?"

"सेनापतींनी शेवटच्या दिवशीही नित्यक्रम मोडला नव्हता. भर!"

तिनं भरला. किल्लेदारांनी तो रोजच्यासारखा ऑफिसातल्या कपाटात ठेवला. मग गोदामात जाऊन पितळेच्या खोलीचं दार उघडलं आणि ते मिटू नये म्हणून खाली एक जुना मीटर लावून ठेवला. जाताना टाचेनं मीटर उडवायचा. दार मागे धाडकन मिटणार. सेनापतींच्या मागे नुसता पडदा पडला होता, इथं लोखंड पडणार होतं!

संध्याकाळी गोदाम भरलं. पाइपांच्या थप्प्यांवर कागदी माळा. पुढच्या रांगेत मोठे साहेब, त्यांच्या शेजारी किल्लेदारांची बायको नव्या साडीत. दुय्यम हसतमुखानं सगळ्यांचं स्वागत करत होते. दुय्यम गेली अकरा वर्षं हसतमुखच होते. त्या पदाला दुसरं काही करताही येत नाही.

किल्लेदार उठले. छाती पुढे काढली. "मित्रांनो," ते म्हणाले आणि त्यांनी पहिला विराम घेतला.

शांतता पसरली. पसरतच गेली.

"विसरले वाटतं," मोठे साहेब दुय्यमांच्या कानात म्हणाले. ते अख्ख्या गोदामाला ऐकू गेलं.

"आज मला अतिशय आनंद होत आहे..." मागून कुणीतरी मदतीच्या भावनेनं सुचवलं.

टायपिस्ट बाईंना दया आली. त्यांनी भरलेला पेला पुढे केला. किल्लेदारांच्या मते घोट म्हणजे घोट, नुसते ओठ ओले करणं हा भ्याडपणा! त्यांनी पेला रिकामा केला. चार वाक्यं बोलून दुसरा विराम घेतला, तर लोकांना वाटलं संपलं. टाळ्या पडल्या. दोघंतिघं ताटांकडे गेलेही. त्यांना परत बसवेपर्यंत दुसरा पेला संपला. तिसऱ्या विरामाला बाईंनी तांब्याच आणून ठेवला. तोही संपला!

आणि मग व्हॉल्व्ह सुटला.

"भांडारपाल जातो, भांडार राहतं!"

यावर कुणाचं दुमत असण्याचं कारण नव्हतं. पण त्यापाठोपाठ किल्लेदारांनी कमरेचा जुडगा काढला आणि टेबलावर ठेवला. खण्णकन! आणि काय सांगावं, सभागृह खरोखरच उभं राहिलं! तो जुडगा त्यांच्या कमरेवरून उतरलेला आजवर कुणी पाहिला नव्हता. मागच्यांना नीट दिसेना, म्हणून ते खुर्च्यांवर चढले. किल्लेदार गर्रकन वळले. मागे न बघता चालू लागले. टाचेनं मीटर उडवला. दार धाडकन मिटलं.

पितळेच्या अंधाऱ्या खोलीत ते रुबाबात पलीकडच्या दारापर्यंत गेले. सवयीनं हात कमरेकडे गेला. कमर मोकळी होती.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या हुशार माणसाच्या हे आधी लक्षात कसं आलं नाही? अहो, घरच्या बाल्कनीला कुलूप नव्हतं! आणि डावानं कुठलं दार उघडत नसल्यामुळे तो खाली ठेवल्यानं काही अडलंही नव्हतं.

ओरडावं? छे! सेनापती कधी ओरडले होते का? कुणीतरी रडत रडत आपल्या मागे येईल, तेव्हा बघू, असं म्हणून ते अंधारात ताठ उभे राहिले. जाळीतून आवाज येत होते. रडण्याचे नव्हते. ताटांचे होते. अंगणात टॅक्सीवाल्यानं एकदा हॉर्न दिला, मग दोनदा दिला, मग तो निघून गेला. आणि इकडे तीन विरामांचं पाणी हळूहळू आपल्या मार्गाला लागलं होतं. व्हॉल्व्ह बंद करायचा, मागे दाब वाढू द्यायचा, हे शास्त्र आता किल्लेदारांना आतून समजू लागलं.

"अहो!" जाळीपाशी बायकोचा आवाज आला. "तुम्ही आत आहात का?"

"हळू बोल! दुसरं कुणी ऐकेल."

"आत काय करताय?"

"... उभा आहे."

"का?"

"किल्ली टेबलावर राहिलीय."

बायकोनं तोंडाला पदर लावला. खांदे मात्र हलताना दिसत होते. तिनं दुय्यमांना हाक मारली. दुय्यम एका हातात ताट, दुसऱ्या हातात जुडगा घेऊन आले. त्यांच्या मागून सगळं खातं आलं, ताटांसकट!

"अरेरे! साहेब, यातली ह्या दाराची कुठली?"

"ती वाकड्या मानेची. जरा हिरवट. लवकर!"

दुय्यमांना ती लगेच सापडली. त्यांनी ती कुलपापाशी नेली. आणि तिथं ते थांबले. तो विराम असा होता की सेनापतींनाही जमला नसता!

"साहेब, सहज विचारतो," दुय्यम अत्यंत गोड आवाजात म्हणाले. "हिच्या शेजारची ही, ती कशाची?"

किल्लेदारांच्या सगळं लक्षात आलं. "दार उघडा!"

"उघडतोच की. फक्त एवढी ओळख झाली असती तर बरं झालं असतं. सहा महिने झाले, साहेब."

"आठवत नाही!"

"मग आठवेपर्यंत थांबू. आम्हाला घाई नाही, जेवण चालूच आहे. बाई, पाणी घेता का? ओता, ओता. जरा वरून ओता!"

जाळीच्या अगदी जवळ पाण्याची धार पेल्यात पडू लागली. पाठोपाठ कुणीतरी हात धुण्याचा नळ सोडला. पाणीपुरवठा खात्यातली माणसं ती! पाण्याच्या आवाजानं काय होतं, हे त्यांना वेगळं शिकवावं लागत नाही.

"मीटरच्या कपाटाची!" आतून आवाज आला.

"लिहा, बाई. आणि ही?"

"वॉशर! वॉशर!"

"ही?"

"मोठे व्हॉल्व्ह. अहो, नळ बंद करा तो!"

टायपिस्ट बाई भराभर चिठ्ठ्या लिहून किल्ल्यांना बांधत होत्या. मोठ्या साहेबांनी खुर्ची मागवून घेतली आणि गोड खाता खाता ते म्हणाले, "फार स्तुत्य उपक्रम! कार्यभार देण्याची ही पद्धत सगळ्या विभागांत सुरू करायला हवी." उभ्या नोकरीत जपलेली गुपितं किल्लेदार एका पायावरून दुसऱ्या पायावर होत जाळीतून बाहेर टाकत होते.

"ही?" दुय्यमांनी पुढची धरली.

आतून नुसता पाय आपटल्याचा आवाज आला.

"साहेब, ही?"

"ती कशाचीच नाही."

"म्हणजे?"

"तिला कुलूपच नाही! तिच्या पलीकडच्या सगळ्यांनाही नाही! वजनाला ठेवल्यात! आता उघडा हो!"

गोदामात पहिल्यांदाच खरी शांतता पसरली. जुडग्यातल्या निम्म्याहून अधिक किल्ल्यांना या जगात कुलूप नव्हतं! इतकी वर्षं तो खणखणाट ऐकून लोक बाजूला होत होते, तो नुसता लोखंडाचा आवाज होता.

"थांबा, ही छोटी इकडे द्या बघू," बायको मध्येच म्हणाली. "अहो, ही तर आपल्या लोखंडी पेटीची! आणि ही सापडत नाही म्हणून तुम्ही मला पेटी फोडायला लावलीत? माझ्या आईनं दिलेली पेटी!"

"घरी बोलू!" किल्लेदार कळवळून म्हणाले. "दार उघडा!"

बायकोनं ती किल्ली पर्समध्ये टाकली. दुय्यमांनी वाकड्या मानेची किल्ली फिरवली. दार उघडलं. किल्लेदार बाहेर पडले ते थेट स्वच्छतागृहाच्या दिशेनं, गोदामाच्या मधोमध, ताटांच्या चवडीजवळून, एकदाही मागे वळून न पाहता! दुतर्फा सगळं सभागृह उभं होतं. टाळ्यांचा नुसता कडकडाट! कित्येकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हसून हसून का होईना, पण वाहत होतं.

रविवारी दुपारी बायकोनं मुकाट्यानं सेनापतींचं रेकॉर्डिंग लावलं. अगदी पहिल्यापासून. किल्लेदार रिमोटकडे झेपावले, पण रिमोट तिनं पेटीत ठेवला होता. कुलूप नवं आणलं होतं.

सेनापती टीव्हीवर एकेकाचं नाव घेऊन, कुणाला काय सोपवलं ते सांगत होते. बराच वेळ सांगत होते. मग म्हणाले, "आज सकाळी सगळं देऊन मी मोकळा झालो. उद्या तुम्हाला माझी आठवण आली, तर मला बरं वाटेल. पण माझी गरज भासली, तर समजा मी नोकरी नीट केली नाही."

बायको नुसता एक विराम घेऊन चहा टाकायला गेली. किल्लेदार टीव्हीकडे बघत बसले. त्यांना फार वाईट वाटलं. आपण मूर्ख ठरलो याचं नव्हे, तर बायकोनं हे आधीच सांगितलं होतं याचं!

तरीही सोमवारी ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून फोनपाशी बसले. आशा वेडी असते. फोन वाजला नाही. शहरात पाणी व्यवस्थित आलं. मंगळवारी तर जरा जास्तच दाबानं आलं!

बुधवारी फोन वाजला. दुय्यमांचा! किल्लेदारांनी तो मुद्दाम चार वेळा वाजू दिला. मग उचलला.

"साहेब, सकाळपासून सगळ्या भांडारात तुमचंच नाव आहे!" दुय्यम म्हणाले. "मोठे साहेबही दोनदा म्हणाले, त्यांना बोलावून घ्या. तुमच्याशिवाय हे काम कुणी करू शकणार नाही."

किल्लेदारांची छाती फुगली. शर्टाचं बटण ताणलं. "कुठलं कुलूप अडलं?"

"कुलूप? छे हो, कुलुपं सगळी लोण्यासारखी उघडताहेत! तुमचा शनिवारचा डबा कपाटात राहिलाय. कपाट उघडलं, पण डबा उघडायची कुणाची छाती होत नाही. वास पार मोठ्या साहेबांच्या खोलीपर्यंत गेलाय."

किल्लेदारांनी विराम घेतला. मोठा होता.

"येतो," ते म्हणाले.